बाबांची तिकिटं विकायची की ठेवायची?

प्रश्न : मी ५६ वर्षांची, सांगलीत गावभागात राहते. वडिलांचं गणपती पेठेत हळदीचं अडत दुकान होतं. दुकानात रोज गठ्ठ्यानं टपाल यायचं आणि बाबा त्यावरची तिकिटं कापून ठेवायचे. त्यांना शाळेपासूनचा हा नाद. मी चौथीत असताना त्यांनी मला माझी वेगळी वही करून दिली. लग्नात ती वही आणि तिकिटांची काही पाकिटं माझ्याबरोबर आली, मोठा अल्बम दादाकडे राहिला. २०१९ च्या पुरात माझ्या कपाटाचा खालचा कप्पा पाण्यात गेला. बाबांनी पोस्टातून विकत आणलेली कोरी तिकिटं एकमेकांना चिकटून त्यांचा गठ्ठा झाला. वापरलेली मात्र वाळवल्यावर बरीचशी वाचली. आता दादा म्हणतो, नेटवर जुन्या तिकिटांना लाखांत भाव आहे, दोघांचं एकत्र करून विकू. मिस्टर म्हणतात, देऊन टाक, नसता पसारा. एका प्रदर्शनात एक गृहस्थ म्हणाले, वापरलेल्या तिकिटांना कोणी संग्रह म्हणत नाही, कोरी घ्यायला लागा. माझा तर एकही सेट पूर्ण नाही. मला द्यायची इच्छा नाही, पण कारण सांगता येत नाही. किंमत असेल तर दादाला अडवायचा मला काय हक्क? आणि किंमत नसेल तर या वयात हा पोरखेळ कशासाठी? मुलगी नोकरीला लागली, हातात वेळ आहे, पुन्हा सुरू करावंसं वाटतं. पण आता पत्रंच येत नाहीत.

उत्तर :

ताई,

तुमच्या पत्रातले शेवटचे दोन प्रश्न मी पुन्हा पुन्हा वाचले. किंमत असेल तर ठेवायचा हक्क नाही आणि किंमत नसेल तर ठेवायला कारण नाही. म्हणजे तिकिटांचा भाव काहीही निघो, ती तुमच्या हातून जाणार हे तुम्ही आधीच ठरवून टाकलंय. दोन्ही प्रश्न भावापाशीच येऊन थांबतात. पहाटे उठून कृष्णेच्या घाटावर फिरायला जाणाऱ्या माणसाला आपण कधी विचारत नाही की या चालण्याचे किती रुपये होतात. मग तिकिटांच्या वहीलाच हा प्रश्न का? कारण तिकिटावर किंमत छापलेली असते आणि लाखालाखाच्या बातम्या आपण वाचलेल्या असतात, एवढंच.

तरीही आधी भावाचं बोलू. दादाला उत्तर द्यायचं आहे आणि ते खरं असायला हवं.

तुमच्या वहीतली बहुतेक तिकिटं १९६० ते ८० च्या दशकांतली असणार. चहा खुडणारी बाई, पन्नास पैशांचे आंबे, आठ पैशांचं चितळ, पाच रुपयांचं भाक्रा धरण. देशातल्या प्रत्येक पोस्टात विकली जाणारी ही रोजच्या वापराची तिकिटं, अफाट संख्येनं छापलेली. वापरून झालेली अशी तिकिटं बाजारात शेकड्यानं जातात, कधी कधी चक्क वजनावर. दादाला नेटवर दिसतात ते विकणाऱ्यांनी मागितलेले आकडे. कोणी काहीही मागू शकतं. तिकीट खरोखर कितीला गेलं, हे बघायचं असेल तर लिलाव संपल्यानंतरचे भाव बघावे लागतात, आणि ते बघितले की डोकं ताळ्यावर येतं. दादा लोभी आहे असं मला वाटत नाही. त्याला कोणी हा फरक समजावून सांगितलेला नाही.

अपवाद असतात, आणि तेवढे बाजूला काढून जाणकाराला दाखवावेत. बाबा शाळेपासून जमवत होते म्हणता, तर दादाकडच्या अल्बममध्ये आण्यांची, म्हणजे १९५७ च्या आधीची तिकिटं नक्की असतील. त्यात १५ ऑगस्ट १९४८ ला निघालेलं गांधीजींचं दहा रुपयांचं तिकीट असेल तर ते वेगळं ठेवा. स्वित्झर्लंडमध्ये छापलेल्या त्या चार तिकिटांच्या संचातलं ते सगळ्यात मोठ्या किमतीचं. त्याच्या नकलाही पुष्कळ फिरतात, म्हणून एकाच्या सांगण्यावर जाऊ नका, दोघांना दाखवा. छपाईत चूक झालेलं, एखादा रंग छापायचाच राहिलेलं, चित्र सरकलेलं एखादं असेल तर तेही. आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे अख्खी पाकिटं. तिकीट, शिक्का, पत्ता सगळं जागच्या जागी असलेलं जुनं पाकीट तुमच्याकडे किंवा दुकानाच्या बाडांत कुठेही सापडलं, तर त्यावरचं तिकीट कापू नका. सुट्या तिकिटापेक्षा त्याला बाजारातही जास्त मान आहे आणि वाचायलाही त्यात पुष्कळ असतं.

आता प्रदर्शनातल्या त्या गृहस्थांचं. त्यांचं म्हणणं मला अजिबात पटलेलं नाही. जगातलं सगळ्यात महाग समजलं जाणारं तिकीट वापरलेलंच आहे. ब्रिटिश गियानाचं १८५६ चं एका सेंटचं तिकीट, किरमिजी रंगाचं, त्यावर पोस्टाचा शिक्का आणि कारकुनाची सही. १८७३ मध्ये ते तिथल्याच बारा वर्षांच्या एका शाळकरी पोराला घरातल्या जुन्या कागदांत सापडलं आणि त्यानं ते सहा शिलिंगांना विकलं. २०२१ च्या लिलावात ते ८३ लाख डॉलर्सला गेलं. हे दादाच्या डोळ्यांपुढे लाखांचे आकडे नाचावेत म्हणून सांगत नाही. तशी दुसरी प्रत आजवर सापडलेली नाही, तुमच्या वहीत ती नाही. वापरलेलं म्हणजे दुय्यम ही समजूत किती कच्च्या पायावर आहे, एवढंच मला दाखवायचं होतं. तिकिटांच्या मोठ्या प्रदर्शनांत टपाल इतिहास नावाचा एक स्वतंत्र विभाग असतो. तिथे मांडलेल्या पानांवर सगळा जीव असतो तो प्रवास केलेल्या पाकिटांचा. कोरं तिकीट तिथे काय सांगणार?

आणि आपल्या भागाचा या गोष्टीशी जवळचा संबंध आहे. साताऱ्याचं संस्थान खालसा झालं त्या सुमारास तिथला कारभार पाहणारा इंग्रज अधिकारी होता बार्टल फ्रिअर. १८५० मध्ये तो सिंधला गेला आणि १८५२ मध्ये त्यानं तिथे 'सिंध डाक'ची तिकिटं काढली. आशियातली ती पहिली टपाल तिकिटं. ऑक्टोबर १८५४ मध्ये कंपनी सरकारची सगळ्या मुलखासाठी तिकिटं आली आणि सिंध डाक बंद झाली. ज्या काळात लोक तिकीट विकत घ्यायचे ते पत्राला लावायलाच, त्या काळातलं जे उरलं त्यातलं पुष्कळसं कोणीतरी पत्रावरून सोडवून जपलेलं आहे. तुमचे बाबा दुकानात बसून तेच करत होते.

पुरात कोरी गेली आणि वापरलेली वाचली, याचं तुम्हाला नवल वाटलेलं दिसतं. कारण अगदी साधं आहे. कोऱ्या तिकिटाच्या पाठीला डिंक असतो आणि ओला झाला की चिकटणं हेच डिंकाचं काम. वापरलेली तिकिटं बाबांनी कधीच पाण्यात सोडवून, डिंक धुऊन ठेवलेली होती. पुराचं पाणी त्यांना दुसऱ्यांदा लागलं, ती भिजली आणि वाळली. तो चिकटलेला गठ्ठा फेकला नसाल तर अजून उपाय आहे. साध्या पाण्यात ठेवा, तासाभरानं हलक्या हातानं हलवून बघा, तिकिटं एकेक करून सुटू लागतील. ओढू नका, नखानं खरवडू नका. डिंक जाईल, बाजाराच्या हिशेबानं ती कोरी राहणार नाहीत. पण चित्रं तुम्हाला परत मिळतील.

तुम्ही लिहिता, द्यायची इच्छा नाही पण कारण सांगता येत नाही. ते कारण त्या वहीतच असणार, पण पानं नुसती उलटून ते दिसायचं नाही. एक तिकीट घेऊन त्याच्यापाशी बसावं लागेल. म्हणून एक काम सांगते.

तुमच्या पाकिटांत पाच पैशांचं लालसर, कुटुंब नियोजनाचं छोटं तिकीट शोधा. आईवडील आणि मुलं असं चित्र आहे. बाबांकडे ते ढिगानं असणार, कारण १९७१ च्या अखेरीपासून ते मार्च १९७३ पर्यंत आलेल्या जवळजवळ प्रत्येक पत्रावर ते किंवा त्याच कामासाठी निघालेलं दुसरं तिकीट असायचं. त्यावर काळ्या अक्षरांत 'रिफ्युजी रिलीफ' असं छापलेलं आहे का, बघा. बांगलादेशच्या लढ्यात सीमेपलीकडून आलेल्या निर्वासितांसाठी सरकारनं त्या काळात टपालावर पाच पैशांचा जादा भार बसवला होता. १५ नोव्हेंबर १९७१ ला तो लागू झाला. निर्वासितांसाठी खास चित्राचं तिकीट डिसेंबरात आलं, पण तोवर थांबायला वेळ नव्हता, म्हणून हातात होतं त्या कुटुंब नियोजनाच्या तिकिटावरच ती अक्षरं छापून घेतली. तीही सगळीकडे पोचेनात, तेव्हा ठिकठिकाणच्या पोस्टांनी स्वतःचे रबरी शिक्के करून हातानं ठसे मारले. ठशांची अक्षरं सरळ, तिरकी, कुठे जांभळी, कुठे काळी. तुमची सगळी पाच पैशांची तिकिटं टेबलावर मांडा आणि त्या अक्षरांचे प्रकार वेगळे करा. निजामाबादच्या किंवा इरोडच्या कुठल्या व्यापाऱ्यानं हळदीचा भाव विचारायला लिहिलेल्या पत्रावर त्या वर्षी पाच पैसे निर्वासितांसाठी पडले होते, हे तुमच्या बोटांत धरलेल्या त्या इवल्या कागदावर दिसतं. कोऱ्या तिकिटात हे कुठून येणार?

दुसरं, हिंदुस्थानच्या नकाशाची तिकिटं. १ एप्रिल १९५७ ला दशमान नाणी आली आणि त्याच दिवशी नये पैशांची ही मालिका निघाली. तुमच्याकडे एकाच किमतीची, एकाच रंगाची दहा-वीस असतील आणि जास्तीची म्हणून बांधून ठेवली असतील. ते गठ्ठे उघडा. काळ्या बशीत एकेक तिकीट पालथं ठेवा किंवा उजेडापुढे धरा. कागदात जलचिन्ह, म्हणजे कागद बनवतानाच उमटवलेली फिकट खूण दिसेल. आधीच्या छपाईत तारे आहेत, १९५८ पासूनच्या छपाईत अशोकस्तंभाचे सिंह. जास्तीची समजून बांधलेली तिकिटं दोन वेगळी तिकिटं निघतात. पहिल्यांदा हे ओळखता आलं की एक दुपार कशी गेली ते कळत नाही. बाबांना ते ठाऊक होतं का, हेही त्यांच्या मांडणीवरून तुम्हाला कळेल. त्यांनी तारे आणि सिंह वेगळ्या ओळींत लावले असतील तर ठाऊक होतं.

आता सेट पूर्ण नाही त्याचं. सेट पूर्ण करण्याची घाई ही कोरी तिकिटं विकणाऱ्याच्या सोयीची आहे. पैसे दिले की पूर्ण. वापरलेल्या तिकिटांचा संग्रह आपल्याकडे कोणाची पत्रं येत होती, यावर वाढतो. तुमच्याकडे पाच पैसे आणि पंधरा पैसे भरपूर आणि दहा रुपयांची तुर्भ्याची अणुभट्टी एखादीच, असं असेल तर ते अडत दुकानाच्या टपालाचं खरं चित्र आहे. दहा रुपयांचं तिकीट लागायला जड पार्सल यायला हवं, हळदीच्या दुकानात कशाला येईल? ती उणी जागा विकत घेऊन भरू नका असं मी म्हणत नाही. पण ती उणी आहे म्हणून संग्रह कमी आहे, हे मनातून काढून टाका.

तुम्हाला पुन्हा सुरू करायचं आहे तर मी एकच विषय सुचवेन, आणि तो तुमच्याखेरीज कोणाला जमणार नाही. शिक्के. तिकिटाकडे बघताना इतके दिवस तुम्ही चित्र बघितलंत. आता त्यावर गावाचं नाव किती उमटलंय ते बघा. अर्धवट असतं, कधी दोन अक्षरं, कधी तारखेचा तुकडा. भिंग लागेल, आणि मराठी-इंग्रजीखेरीज तेलुगू, तामिळ, कन्नड गावांची नावं इंग्रजी स्पेलिंगवरून ओळखावी लागतील. पिनकोड १५ ऑगस्ट १९७२ ला सुरू झाला, त्यामुळे शिक्क्यात सहा आकडे दिसले तर तारीख पुसली असली तरी काळाचा एक अंदाज मिळतो. भारताचा साधा शाळेचा नकाशा आणा आणि नाव लागलेलं प्रत्येक गाव त्यावर टिंबानं खुणवा. बाबांच्या दुकानाचा व्यापार कुठवर पसरला होता ते त्या नकाशावर उभं राहील. सांगलीच्या हळद बाजाराबद्दल लिहिणारे पुष्कळ आहेत, पण एका दुकानाचं टपाल असं कोणी मांडलेलं मी तरी पाहिलेलं नाही. आणि दादाच्या अल्बममधली आण्यांची पानं त्यात आली तर तो नकाशा आणखी मागच्या काळापर्यंत जाईल.

या वयात पोरखेळ? ताई, हा छंद आयुष्यभर पुरतो तो याच कारणानं की वय बदलतं तसं त्याच तिकिटात वेगळं दिसायला लागतं. चौथीत असताना तुम्ही परदेशांची नावं जमवली असणार. 'हेल्व्हेशिया' म्हणजे स्वित्झर्लंड, 'मग्यार पोश्टा' म्हणजे हंगेरी, 'सुओमी' म्हणजे फिनलंड, आणि ज्याच्यावर देशाचं नावच नाही, नुसतं राणीचं डोकं, ते इंग्लंड. कारण १८४० मध्ये पहिलं तिकीट त्यांनी काढलं तेव्हा नाव लिहायची गरजच नव्हती. भूगोलाच्या तासाला हे कामाला यायचं. शाळेबाहेर मिळणाऱ्या पुडीतली ती मोठमोठी चकचकीत तिकिटं, फुलपाखरं आणि अंतराळवीर असलेली, तीही असतील तुमच्या वहीत. त्यातली पुष्कळशी पत्रावर कधी लागलीच नव्हती. संग्राहकांना विकायची म्हणून छापखान्यातच शिक्का मारून बाहेर पडलेली. पाठीला डिंक शाबूत आणि शिक्का अगदी कोपऱ्यात नीटनेटका, ही त्यांची ओळख. लहानपणी ती सगळ्यात आवडती असतात. आज तुम्हाला बहुधा त्यांच्यापेक्षा इस्लामपूरचा धड न उमटलेला शिक्का जास्त आवडेल. ५६ व्या वर्षी तुमच्याकडे जी नजर आहे, दुकान पाहिलेली, बाबांचं अक्षर ओळखणारी, ती चौथीतल्या मुलीकडे नव्हती. मग हा पोरखेळ कसा?

पत्रं येत नाहीत हे खरं आहे. स्पीड पोस्टावर छापील पट्टी असते, बँकांच्या पाकिटांवर यंत्राचा ठसा. तरी तिकिटं अगदी संपलेली नाहीत. श्रावणात राखीची पाकिटं अजून तिकीट लावून जातात, लग्नपत्रिका जातात, पतसंस्थांच्या सभेच्या नोटिसा जातात, वकिलांकडे आणि जुन्या संस्थांच्या कार्यालयांत साधं टपाल येतं. ओळखीच्या चार ठिकाणी सांगून ठेवा, की पाकीट फाडताना तिकिटाकडची बाजू राखून फाडा आणि माझ्यासाठी ठेवा. लोक ठेवतात, बहुतेकांना ते आवडतंही. घरोघरच्या माळ्यांवर जुनी पत्रं पडून आहेत, ती रद्दीत जाण्याआधी कोणी विचारलं तर द्यायला लोक तयार असतात. फक्त आतलं पत्र घरच्यांना परत करा आणि पाकीट मागा. पत्र हे दुसऱ्याच्या घरातलं बोलणं आहे.

आणि स्वतः लिहा. मुलगी नोकरीच्या गावी असेल तर तिला दर महिन्याला एक पत्र. मुख्य पोस्टात गेल्यावर नेहमीची तिकिटं न घेता विशेष तिकिटं कुठली आहेत ते विचारा. सावित्रीबाईंवर १९९८ मध्ये तिकीट निघालं, जोतीरावांवर १९७७ मध्ये, कर्मवीर भाऊराव पाटलांवर १९८८ मध्ये. आता ही काउंटरवर मिळणार नाहीत, पण संग्राहकांकडे वापरलेली सहज मिळतात आणि नायगाव, कटगुण, सातारा अशी एक घरची रांग त्यातून लागते. नवी निघतात तशी घेत राहायची असतील तर पोस्टात फिलाटेलिक डिपॉझिट खातं किमान दोनशे रुपये भरून उघडता येतं, तिकिटं घरपोच येतात. वाचकांपैकी ज्यांची मुलं सहावी ते नववीत आहेत त्यांनी दीनदयाळ स्पर्श योजनेची चौकशी जरूर करावी. तिकिटं जमवणाऱ्या निवडक मुलांना टपाल खातं वर्षाला सहा हजार रुपये शिष्यवृत्ती देतं. देशोदेशीच्या अनोळखी माणसांशी पोस्टकार्डांची देवाणघेवाण करायची असेल तर पोस्टक्रॉसिंग नावाचं संकेतस्थळ आहे. मुलीला सांगा, ती नाव नोंदवून देईल.

सोडवायची रीत तुम्ही बाबांकडे पाहिली असेलच, तरी नव्यानं सुरू करणाऱ्यांसाठी सांगते. पाकिटाचा कागद तिकिटाभोवती बोटभर सोडून कापायचा, तिकिटाच्या कडेचे दाते कापले जाता कामा नयेत. रंगीत पाकिटं आणि जांभळी शाई असलेले तुकडे वेगळे काढायचे, त्यांचा रंग सुटला तर सगळा घाणा बिघडतो. परातीत साधं पाणी, तिकिटं वरच्या तोंडानं तरंगत सोडायची आणि मग काही करायचं नाही. पाव तास, अर्धा तास. कागद जड होतो, तिकिटाची एक कड किंचित उचलते आणि मग ते आपणहोऊन कागदावरून घसरतं. ते घसरेपर्यंत हात लावायचा नाही. ज्याला घाई झाली त्याच्या तिकिटाची पाठ सोलली म्हणून समजा. उरलेला डिंक स्वच्छ पाण्यात धुऊन टीपकागदावर किंवा मऊ सुती कापडावर पालथं वाळवायचं. वर्तमानपत्रावर नको, शाई उतरते. वाळताना तिकिटं वळतात, त्याची काळजी नको. रात्रभर जाड पुस्तकात ठेवली की सपाट होतात. हल्लीच्या स्टिकरसारख्या तिकिटांवर पाण्याचा प्रयोग करू नका, कागदासकट नीट कापून तशीच ठेवा.

ठेवण्याबद्दल तुम्हाला पुरानं शिकवलंच आहे. खालचा कप्पा कायमचा बंद. स्टॉकबुकं, म्हणजे तिकिटं खोचून ठेवायच्या पट्ट्यांच्या वह्या, आडवी रचू नका, पुस्तकासारखी उभी ठेवा, म्हणजे पानांचा दाब पडत नाही. सिलिका जेलच्या पुड्या ठेवा, पावसाळ्यात बदला, आणि कोरड्या दिवशी पानं उघडून वारा द्या. तांबूस ठिपके दिसलेलं तिकीट लगेच दुसऱ्यांपासून वेगळं करा. लॅमिनेशन, सेलोटेप, फेविकॉल, स्वस्त प्लास्टिकचे फोटो अल्बम यांतलं काहीही नको. चिमटा घ्या, बोटांचा घाम लागत नाही.

मिस्टरांना पसारा वाटतो, त्याचं फार मनावर घेऊ नका. एक टेबल, एक दिवा आणि एक बंद होणारं कपाट एवढी जागा घरात तुमची म्हणून मागा. ती मागताना कारणं देत बसू नका.

दादाशी बोलणं मात्र लांबवू नका. नकार नुसता मनात ठेवलात तर त्याला वाटेल तुम्ही भाव वाढायची वाट बघताय, आणि मग तिकिटांपायी भावाबहिणीत अढी बसेल. त्याला सरळ सांगा की माझी वही बाबांनी मला करून दिली होती, ती मी विकणार नाही, आणि त्यात लाखांचं काही नाही हेही मी माहिती काढून सांगते आहे. मग दोघं मिळून एक दिवस त्याचा अल्बम घेऊन बसा. पानांचे फोटो काढा, सगळ्या अल्बमची यादी करा, जाणकाराला दाखवण्याजोगं वेगळं काढा. विकायचं ठरलं तर व्यापाऱ्याला त्यातलं निवडून काढू देऊ नका. चांगली दहा तिकिटं उचलून नेतो आणि बाकीचं तुमच्या गळ्यात राहतं. त्याचा वाटा विकायचा त्याला पूर्ण हक्क आहे, तिथे तुम्ही अडवू नका, रडूही नका. फक्त विक्रीच्या आधी आण्यांची पानं आणि शिक्के वाचता येणारी तिकिटं तुम्हाला बघायला मिळतील एवढं ठरवून घ्या, आणि त्यातलं जे हवं असेल ते बाजारात येईल त्या भावानं तुम्ही त्याच्याकडून रोख विकत घ्या. भाव फार नसेल.